टेपाचं दुसरं टोक

१

नऊची बारामती-इंदापूर गाडी निमगाव केतकीतून पुढं गेली, की सोपानतात्या मारकड कामाला बसत. त्याआधी नाही. गाडीच्या धक्क्यानं उत्तरेकडच्या खिडकीची तावदानं थरथरत, आणि शाईची रेघ केसभर हललेली तात्यांना खपत नसे. पाटबंधारे खात्यात चौदा वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढलेली, पुढं इराकात पाच. एवढ्या काळात त्यांच्या नकाशावर कुणी लाल पेन्सिल मारली नव्हती. माणूस कशाबद्दल ताठ राहतो ते वेगवेगळं असतं. तात्यांचं हे होतं.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बोर्ड, खाट, स्टोव्ह. मागच्या खोलीत ठमाबाईंचं जातं, पत्र्याची पेटी आणि दोन गाठोडी. ठमाबाई या घरात कधी राहिल्या नाहीत. घर बांधलं तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या गेल्या तेव्हा तात्या इराकात होते आणि तार पोचायला तेरा दिवस लागले. तेराव्यालाच तार हातात पडल्यावर आता जाऊन करायचं काय, म्हणून ते गेलेच नाहीत. गावानं बोल लावला नाही. मूलबाळ नव्हतं. तात्यांचं आपलं सुरू राहिलं.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीपासून बोर्डावर इराकचंच काम होतं. तिकडं उत्तरेला धरण होत होतं. पाणी चढायच्या आत तिथली जुन्या वस्त्यांची टेकाडं खणून काढायची म्हणून देशोदेशीची माणसं आली, त्यांत पुण्याच्या एका संशोधन संस्थेचे बापूसाहेब होते. तात्या धरणाच्या कंपनीत. कंपनीनं त्यांना मोजणीसाठी बापूसाहेबांकडं दिलं. टेकाड लहान, डोंगराच्या पायथ्याला. अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच्या असिरियन राज्याची ती सरहद्द. तिथं ना राजवाडा, ना पंख असलेले दगडी बैल. साध्या माणसांची मातीची घरं.

बापूसाहेबांचा अहवाल राहून गेला. ते वारले, कागद ट्रंकेत पडले, आणि आता त्यांची विद्यार्थिनी सुप्रिया तो पुरा करत होती. तात्यांनी तिथं पेन्सिलीनं काढलेले चाळीस नकाशे शाईत उतरवून द्यायचे होते. तात्यांनी एकतीस संपवले होते.

२

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुप्रिया स्वतःच आली. तिशीतली मुलगी, खांद्याला पिशवी, उन्हानं लाल झालेली. बापूसाहेबांच्या ट्रंकेतून तिला फोटोंचं आणखी एक पाकीट आणि तात्यांची जुनी मोजवही सापडली होती. तात्यांनी पाणी दिलं, स्टोव्ह पेटवून चहा टाकला. ती खाटेवर फोटो मांडत गेली.

"हे पेले बघा काका. अंड्याच्या कवचासारखे पातळ, बोटानं दाबून खळगे पाडलेले. राजधानीत सरदारांच्या घरी असे असायचे. इथल्या कुंभारानं ते कुठंतरी पाहिले आणि घरच्या मातीत करून बघितले. जाड झालेत, वाकडे झालेत, पण खळगे अगदी मोजून तेवढेच!" ती हसली. "मला हेच लिहायचंय. राजा कधी आला नसेल इथं. पण त्याची रीत आली."

"आपल्याकडं न्हाय का, पुण्याची फॅशन पालखीच्या आधी पोचते," तात्या म्हणाले.

तिनं पुढचा फोटो ठेवला. कच्च्या विटांची चौकोनी पेटी, आणि तिच्यात मातीच्या सात मूर्ती. वीतभर उंचीच्या, उभ्या.

"राजधानीकडं घराच्या उंबऱ्याखाली अशा पेट्या पुरायचे. रोगराई, वाईट वारं आत येऊ नये म्हणून. सरांनी पाहिलेल्या सगळ्या पेट्यांत मूर्तींची तोंडं बाहेर होती. राखणदार बाहेरच बघणार ना! इथं मात्र तोंडं आत आहेत. खोलीकडं."

"उलटी बसवली?"

"सर म्हणायचे, रीत उचलली पण अर्थ कळला नाही."

तात्या फोटोकडं बघत राहिले. "का कळला म्हणून उलटी बसवली?"

 सुप्रियानं शेवटचा फोटो काढला, आणि बोर्डावरचा तात्यांचा नकाशा त्याच्या शेजारी धरला.

"काका, एक विचारायचं होतं. ही चार नंबरची खोली. तुम्ही पूर्वेच्या भिंतीत दार दाखवलंय, बहात्तर सेंटिमीटरचं. पेटी त्या दाराच्या उंबऱ्याखाली. पण फोटोत दार नाहीये."

खरंच नव्हतं. छातीएवढी उरलेली मातीची भिंत चारी बाजूंनी सलग होती, कुठं जोड नाही, बुजवल्याची खूण नाही. पेटी भिंतीच्या पायाशी, आतल्या अंगाला. फोटोत खोलीत उतरायला शिडी लावलेली दिसत होती.

"कोठार असेल," सुप्रिया म्हणाली. "वरून धान्य ओतायचं. तसं असेल तर दार नसतंच. तुमची मोजवही ठेवून जाते, एकदा बघून घ्या. घाई नाही."

ती साडेतीनच्या गाडीनं गेली. तात्या तिला पोचवायला फाट्यापर्यंत गेले नाहीत. त्यांना आठवत होतं, आपण त्या दारातून आत गेलो होतो. उजवा पाय आधी. उंबऱ्याचा दगड गार लागला होता.

३

मोजवही त्यांचीच. अकरा वर्षांनी हातात आली होती. कडा कुरतडलेल्या, पण अक्षर सुबक. खात्यातली सवय म्हणून त्यांनी प्रत्येक पानावर रकाने आखलेले: तारीख, खोली, माप, आणि शेवटी 'टेप धरणारा'. टेपाला दोन माणसं लागतात. एकानं शून्याचं टोक कोपऱ्याला टेकवून धरायचं, दुसऱ्यानं ताणून आकडा वाचायचा. पुढं चूक निघाली तर कोण होता ते कळावं, म्हणून हा रकाना. पानोपानी यूसुफ, दाऊद, परत यूसुफ.

चार नंबरच्या खोलीच्या पानावर सोळा मापं होती. चारही भिंती, दार, उंबरा, दोन्ही कर्ण. शेवटचा रकाना कोरा.

तारीख एकवीस एप्रिल शहाऐंशी. सोमवार.

तात्यांनी डोळे मिटून तो दिवस आठवून पाहिला. सोमवारचा त्यांचा उपास असे. दुपारी माणसं भाकरी खायला खाली ओढ्याकडं गेली, आणि ते एकटेच वर थांबले. रिकामं बसण्यापेक्षा एक खोली मोजून टाकू म्हणून वही घेऊन गेले. म्हणजे एकट्यानं मोजली. खिळा ठोकून टोक अडकवलं असेल. पण बापूसाहेबांनी जुन्या जमिनीत खिळा ठोकायला सक्त मनाई केलेली. दगड ठेवला असेल. दगड ठेवून कर्ण घेता येतो का? येत असेल. ओढाताण करून येत असेल.

पण टेप ताठ होता. आता स्पष्ट आठवत होतं. प्रत्येक मापाला तो नीट ताठ होई, आणि मग त्या टोकाकडून एक हलका झटका येई. घे वाचून, असा. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं, घरच्यासारखं. मान वर करून त्यांनी तिकडं एकदाही पाहिलं नव्हतं. चांगला टेप धरणारा असला की वाचणारा आकड्याकडंच बघतो.

मग खालून शिट्टी झाली होती, आणि ते टेप तिथंच टाकून निघून आले होते.

पानाच्या तळाला त्यांच्याच अक्षरात बारीक टीप होती: 'टेप सापडत नाही. दुसरा घेतला.'

बाहेर गिरणीचा पट्टा फटफटत होता. तात्यांनी वही मिटली. मागच्या खोलीचं दार नेहमीसारखं अर्धं उघडं होतं. ते उठले आणि त्यांनी ते ओढून घेतलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

४

शेजारच्या छबूबाई पानमळ्यात पानं खुडायला जात. दुपारी परत येताना तात्यांच्या ओट्यावर पाच मिनिटं टेकत. ठमाबाईंच्या त्या लांबच्या जाऊ, आणि शेवटी उशाशी त्याच होत्या. अकरा वर्षांत तात्यांनी त्यांना त्या दिवसाबद्दल कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही आपणहून काढलं नव्हतं.

वही पाहिल्यावर तात्यांनी विचारलं, "वहिनी, ती गेली तो वार कुठला व्हता?"

छबूबाईंनी पदरानं मान पुसली. "सोमवार. चैत पुनवंच्या आदला. दोनची येष्टी गेली आन् मग गेली बगा. का वो भावजी?"

तिकडचे बारा-साडेबारा, म्हणजे इकडचे दोन. तात्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि पुन्हा केला.

"काही बोलली का?"

"तापात काय बोलनार? बडबडच." छबूबाई थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हाताची मूठ वळल्याली व्हती. अशी, पुढं केल्याली. कुनी सोडवाया गेलं तर सोडंना. आन् सारकी इचारत व्हती, सोडू का? सोडू का? आमी म्हनलं, सोड बाई. पर आमाला न्हवती इचारत ती. भिताडाकडं बगत व्हती."

लग्नानंतरची पहिली सात-आठ वर्षं तात्या सुट्टीच्या दिवशी लोकांची रानं मोजून देत, तेव्हा टेप धरायला ठमाबाईच असत. ढेकळांतून अनवाणी चालत जायच्या, टोक बांधावर टेकवायच्या, एक झटका द्यायच्या. मग लांबून हाक, "सोडू का?" तात्यांनी आकडा लिहून "सोड" म्हटल्याशिवाय त्यांनी टोक कधी सोडलं नाही. एकदा पावसाची सर आली तरी धरून उभ्या होत्या. आणि "सोड" म्हटलं, की टोक तत्क्षणी हातातून सुटायचं.

"भावजी, च्या ठेवू का?" छबूबाई विचारत होत्या. "त्वांड कसंसंच झालंया तुमचं."

"नको वहिनी. तुमी जा. ऊन हाय."

५

दोन दिवस तात्यांनी काम केलं नाही. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, जेवण झाल्यावर त्यांनी खुंटीवरचा आपला पंधरा मीटरचा जुना कापडी टेप काढला.

आपण काय करतोय ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते खुळेपणाचं आहे हेही ठाऊक होतं. खातरी करून घ्यायची होती, एवढंच. एकट्यानं दगड ठेवून खोली मोजता येते का? आली, की प्रश्न मिटला. मग वहीतला रकाना कोरा असला तरी चालेल.

मागच्या खोलीला एकच लहान खिडकी, ती उन्हासाठी लावलेली. त्यांनी टेपाची पितळी कडी समोरच्या भिंतीच्या बुडाशी, जात्याशेजारी ठेवली, वर वीट ठेवली, आणि टेप सोडत मागं सरकत दारात आले. खोली तीन मीटर वीस. घर त्यांनीच बांधलं होतं.

त्यांनी टेप ओढला. विटेचं ओझं हाताला जाणवलं, जमिनीवर किंचित घासलं. मग जाणवेनासं झालं. टेप तारेसारखा ताठ झाला.

आणि तिकडून एक हलका झटका आला.

तात्यांनी आकडा वाचला. तीन वीस. त्यांना एकदम हसू फुटलं, आणि हसताहसता डोळे भरून आले. "ठमे," ते म्हणाले. अकरा वर्षांत हे नाव त्यांनी मोठ्यानं घेतलं नव्हतं. पुन्हा झटका आला. त्याच वेळी वीज गेली, गिरणी बंद पडली, आणि दुपार चिडीचूप झाली. तात्या तसेच टेप ताणून उभे राहिले. खांदा दुखायला लागला तरी उभे. त्या टोकाला कुणीतरी आहे एवढ्यावर माणूस किती वेळ उभा राहू शकतो, ते त्यांना त्या दुपारी कळलं.

पण बाई बिचारी किती दिवस धरून बसणार! त्या सोमवारी शिट्टी झाली आणि आपण न सांगताच निघून आलो. तात्यांनी घसा साफ केला.

"सोड," ते म्हणाले.

टेप सैल पडला नाही.

"ठमे, सोड आता. झालं माप."

टेप तसाच. मग तो हळूच तात्यांच्या हातातून पुढं सरकायला लागला. विहिरीतून पोहरा ओढावा तसा, थांबून थांबून. तीन चाळीस. तीन साठ. चार. तात्यांची बोटं आकड्यांवरून घसरत होती आणि समोर भिंत तीन वीसवर होती.

तेव्हा त्यांनी मान वर केली.

टेप बाईमाणसाच्या हाताच्या उंचीला जात नव्हता. जमिनीपासून वीतभरावरून, सरळ, जात्याच्या बाजूनं आत जात होता. तिथं भिंतीचा चुना दिसायला हवा होता. त्या जागी अंधार होता, दारासारखा अरुंद, सव्वादोन-अडीच फुटांचा, आणि टेप जिथं दिसेनासा होई तिथं काहीतरी उभं होतं. वीतभर उंचीचं. त्याच्यामागं आणखी एक. त्याच्यामागंही. हलत नव्हती. सगळ्यांची तोंडं खोलीकडं होती. खोलीत तात्यांशिवाय कुणी नव्हतं.

त्यांनी टेप सोडला. त्याची चामडी डबी जमिनीवरून खरडत गेली आणि विटेला लागून थांबली.

चारची गाडी येईपर्यंत तात्या फाट्यावर, तापलेल्या डांबरावर अनवाणी उभे होते.

संध्याकाळच्या आत ते छबूबाईंना घेऊन परत आले. मागच्या खोलीची खिडकी उघडली. पांढरी भिंत जिथल्या तिथं होती. वीट, विटेखाली कडी, जमिनीवर सैल पडलेला टेप. कापडी टेप जुना झाला की ताणतो, हे त्यांना खात्यातल्या पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. छबूबाईंनी कडी उचलून दिली आणि बोटं पदराला पुसली.

"वली माती कुठली वो हिला? पानी सांडलं व्हतं का?"

"व्हय," तात्या म्हणाले.

६

उरलेले नऊ नकाशे त्यांनी आठ दिवसांत संपवले. चार नंबरच्या खोलीचा नव्यानं काढला. पूर्वेची भिंत सलग. दार खोडताना पात्यानं ट्रेसिंग खरवडावं लागलं असतं, म्हणून सगळाच कागद नवा घेतला. काम करताना त्यांची पाठ मागच्या खोलीकडं असे. तिकडून कधी काही ऐकू आलं नाही. तेच जास्त जड जाई.

सुप्रिया नकाशे न्यायला आली. एकेक कागद उजेडात धरून बघत होती.

"भिंतच हाय तिथं," तात्या म्हणाले. "दार माझी चूक."

तिनं चमकून पाहिलं. हा माणूस चूक म्हणतो, हे तिला नवीन होतं. "अहो, अकरा वर्षं झाली काका. होतं. आणि तुम्ही आत्ता पकडलीत ना!" मग जरा घुटमळून म्हणाली, "संस्थेत दोन वर्षांचं काम आहे. राहायला खोली देतील. तुमच्यासारखा हात आता मिळत नाही. इथं एकटे काय करता? या ना माझ्याबरोबर. आजच या."

ओट्यावरून छबूबाई म्हणाल्या, "जावा भावजी. मी बगते घराकडं. हितं ऱ्हाऊन कुनाशी बोलनार तुमी?"

तात्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडं एकदा पाहिलं आणि हो म्हणाले. दोन सदरे, धोतर, पेनांची डबी पिशवीत टाकली. कुलूप लावलं. मोकळं वाटलं. फाट्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ लागलं होतं, त्यांनी सुप्रियाला रस पाजला. ती पुण्याच्या खोलीबद्दल सांगत होती, खिडकी उत्तरेला आहे म्हणाली. बारामती गाडी आली. तात्यांना खिडकीजवळची जागा मिळाली.

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी दोन-चारशे पावलं गेली असेल.

तिथं ठमाबाई नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ठमाबाईंनी "सोड" म्हटल्यावर टोक सोडलं असतं. त्या सोमवारीही कदाचित त्या नव्हत्याच. पण ते जे काही होतं, त्यानं अकरा वर्षं टोक धरून ठेवलं होतं. पुण्याला उत्तरेच्या खिडकीपाशी बसल्यावर आपल्या टेपाच्या दुसऱ्या टोकाला कोण असेल?

"गाडी थांबवा," तात्या म्हणाले.

"काका? काय राहिलं?"

"तुमी व्हा पुढं. नकाशे जपून न्या, शाई दमट हवेत पसरते."

सुप्रिया दारापर्यंत आली, काहीतरी म्हणत होती, पण ड्रायव्हरनं गाडी काढली.

एक वाजला होता. रस्त्यावर माणूस नव्हतं. तात्यांनी कुलूप काढलं, पिशवी खाटेवर ठेवली. मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी वहाणा काढल्या. खिडकी उघडली नाही. अंदाजानं चालत जात्यापर्यंत गेले, त्याला पाठ टेकून जमिनीवर बसले, मांडी घालून, आणि डोळे मिटले.

बराच वेळ काही झालं नाही. पानमळ्याकडून येणाऱ्या बायकांचे आवाज जवळ आले आणि लांब गेले. छबूबाईंनी ओट्यावरून हाक मारली, "भावजी? आलासा व्हय माघारी?" तात्यांनी ओ दिली नाही. त्या गेल्या.

मग त्यांच्या उजव्या गुडघ्यावर काहीतरी टेकलं. वीतभर, जड, ओल्या मातीसारखं गार.

तात्यांनी त्यावर हात ठेवला नाही. पण गुडघाही हलवला नाही.